पहिलं रोप लेकुरवाळीचं

शालनबाईच्या रानात कांद्याची लागण होती आणि उजाडल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. रात्रभर दव पडून वाफ्यांचे वरंबे गच्च ओले झाले होते, मोटर चालू होती, उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधावर गोणपाटाखाली झाकून ठेवल्या होत्या आणि सावडीतल्या बाया अजून चहाच पीत होत्या.

"प्या गं प्या, कपबशाबी चावून खावा. रोपाचं काय एवढं? वाळलं की घालू म्हशीला."

बाया हसत हसत उठल्या. शालनबाईच्या बोलण्याचा राग धरायचा म्हटलं तर गावात तिच्याशी बोलायला कुणी उरलंच नसतं. चाकणच्या अलीकडे कंपन्या आल्या तशा तरण्याताठ्या पोरी बसमध्ये बसून पॅकिंगला नाहीतर कॅन्टीनला जाऊ लागल्या, रोजानं बाई मिळेना. मग मागं राहिलेल्या बायांनी जुनी सावड घट्ट धरली. आज सगळ्या माझ्या रानात, उद्या सगळ्या तुझ्या. कुणी कुणाचं देणं नाही आणि कुणाची सुटका नाही.

शालनबाईची सून तनुजा साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालून पहिल्या वाफ्यात उतरली होती. हातात जुडी, पाय घोट्यापर्यंत चिखलात. ती वाकणार एवढ्यात शालनबाई म्हणाली, "तू नगं गं. मोनिका लावंल पयलं."

शेजारची मोनिका दोन पोरांची आई. पहिलं रोप लेकुरवाळीनं लावायचं, म्हणजे कांदा भरतो, ही ह्या गावची रीत. तनुजानं जुडी मोनिकाच्या हातात दिली, कुणाकडं न बघता बाजूला झाली आणि शर्टाच्या बाहीनं गालावरचा चिखल पुसला. गालावर चिखल नव्हताच, पण तेवढं बायांनी न बघितल्यासारखं केलं.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. पहिलं पोटातलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं सातव्यात झालं, पण रडलंच नाही. दोन्ही वेळा शालनबाईनं आपल्या हातानं फडक्यात गुंडाळून वरच्या बांधाच्या हिवराच्या झाडाखाली नेलं होतं. आता तनुजाला पुन्हा चौथा लागला होता आणि तो शर्ट पोट झाकायलाच होता. सहावा लागेस्तोवर कुणाला सांगायचं नाही, दवाखान्यात नाव घालायचं नाही, दृष्ट लागते, असा शालनबाईचा कायदा. शिवाय नदीवरच्या आसरांचा कोप झालाय म्हणून पाच मंगळवार तिनं सुनेला थंड पाण्यात कंबरेइतकं उभं करून ओटी सोडायला लावली होती. तनुजा कुडकुडत उभी राहिली होती. सासूला ती आत्या म्हणायची, आणि आत्याचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नव्हता.

एकदाच पडू दिला होता, आणि ते नेमकं ह्या लागणीच्याच दिवशी उघडं पडलं.

दुपारी भाकरी सोडायच्या वेळेला आशा-सेविका मिनल बांधावर येऊन उभी राहिली. गावातलीच सून, सगळ्यांच्या ओळखीची. तिनं तनुजाला बाजूला बोलावलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. शालनबाईचे कान म्हातारे झाले नव्हते.

"काय गं मिनल? कसलं रक्त?"

मिनल चपापली. तनुजानं मान खाली घातली. "आत्या, अंगणवाडीत तपासणी होती तवा मी रक्त दिलं."

"मला न इचारता?"

"इचारलं आसतं तर तुमी दिऊ दिलं आसतं का?"

मिनल म्हणाली, "मावशी, डॉक्टरांनी बोलावलंय. उद्याच या. आणि शेखरभाऊंना संगट घेऊन या. बाकी मी सांगणार न्हाई, ते डॉक्टरच सांगतील."

तनुजाच्या नवऱ्याची, शेखरची, पहिली शिफ्ट होती. भोसरीत एका वर्कशॉपात तो मशीनवर होता, सुट्टी मागितली की सुपरवायझर तोंड वाकडं करायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर शालनबाईच गेली. रान बायांवर सोपवलं, डोक्यावर पदर घेतला आणि सरकारी दवाखान्याच्या बाकड्यावर जाऊन बसली. नवस चुकला का, ओटीत काही कमी पडलं का, ह्याचाच विचार डोक्यात.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी तनुजालाच विचारलं, "सासूबाईंनी बाहेर थांबायचं का? तुमच्या मनावर आहे."

तनुजानं थोडा विचार केला. "बसू द्या. माझी दोनी लेकरं त्यांनीच हातात घेतल्याती."

मग डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. रक्तात सिफिलिस निघालाय. जुन्या लोकांनी ह्याला गरमी म्हटलं असेल. नवरा-बायकोच्या संबंधातून एकाचं दुसऱ्याला लागतं. आईच्या रक्तातून पोटातल्या बाळाला जातं. आधीची दोन बाळं बहुतेक ह्यानंच गेली असणार.

शालनबाईची जीभ आपल्या सवयीनं सुटली. "आन् हिला कुठनं लागलं? कुठं गेल्ती ही?"

तनुजानं सासूकडं बघितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती बघत राहिली.

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलाला लग्नाच्या सुमाराला काही झालं होतं का? खाली एखादी न दुखणारी जखम, आपोआप बरी झालेली? किंवा नंतर अंगावर, तळहातावर, तळपायावर तांबूस चट्टे?"

"चट्टे आलं हुतं की," तनुजाच बोलली. "लगीन झाल्या-झाल्या. पण ते कूलंटचं."

मशीनवर लोखंड कापताना जे पांढरं पाणी उडतं ते कूलंट. त्यात दिवसभर हात घालून भोसरीतल्या निम्म्या पोरांचे हात सोललेले असतात. शेखरच्या हातावर चट्टे आले तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नव्हतं. वर्कशॉपनं मलम दिलं, हातमोजे दिले. महिन्याभरात चट्टे गेले आणि लोक ते विसरूनही गेले.

"खाजत होतं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शालनबाई ह्या प्रश्नाला दचकली. कारण तो तिनंही विचारला होता. रोज संध्याकाळी करंजाचं तेल कोमट करून तिनंच लेकाच्या तळहाताला चोळलं होतं. "खाजतं का रं?" "न्हाई." "आग हुती?" "न्हाई, आई." तिला तेव्हाच नवल वाटलं होतं, कारण मोनिकाच्या नवऱ्याचे हात कूलंटनं असे खाजत की तो भिंतीला घासायचा. आणि तेल तिनं हातालाच नव्हतं लावलं. तळपायालाही लावलं होतं. तसेच तांबूस चट्टे, टाचेपासून बोटांपर्यंत.

कंपनीत जाताना शेखर चामड्याचे बूट घालायचा. बुटात कूलंट कुठून जाणार?

आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं कुणाला?

"आता पुढचं ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेत आलात. साधं पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, आठवड्याला एक, असं तीनदा. त्यानं आईचा रोग जातो आणि बाळही वाचण्याची चांगली आशा आहे. एचआयव्हीची तपासणी झालीय, तिथं काही नाही. ह्या जातीचे आणखी रोग असतात. परमा, म्हणजे गनोरिया असतो, बायकांच्या अंगावरून पांढरं-पिवळं जातं, ओटीपोट दुखतं, आणि पुष्कळदा तर काहीच कळत नाही. बायका उष्णता झाली म्हणून सब्जा पीत बसतात आणि आतल्या आत पिशवी खराब होते. तसलं काही वाटलं तर लाजायचं नाही, सांगायचं. पण मालकांनी आलंच पाहिजे. त्यांनी नाही घेतलं तर हिला बरं करून उपयोग नाही, पुन्हा त्यांच्याकडून लागेल. तोवर दोघांनी वेगळं निजायचं."

"दुखणं हल्याला आन् इंजेक्शन पखालीला," शालनबाई पुटपुटली. आतून ओरडावं असं तिला वाटत होतं, पण ओरडायचं कुणावर हेच ठरेना.

फरीदा सिस्टरनं तनुजाला आत नेऊन सुई दिली. बाहेर आली तेव्हा तनुजा भिंतीला धरून चालत होती. शालनबाईनं आपला हात पुढं केला. सुनेनं तो धरला, पण घट्ट नाही धरला.

शेखर चारला घरी आला. हात-पाय धुतले, चहा मागितला. आईनं चहा दिला आणि समोर बसून सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. त्यानं कप बशीत आदळला.

"कूलंट हुतं ते. अख्ख्या लाइनला झाल्तं!"

"अख्ख्या लाइनच्या तळपायाला झाल्तं?"

"हिचंच काय आसंल आई. हिला इचार ना, मला काय इचारती?"

तनुजा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती वळली नाही. परातीतलं पीठ तिनं बोटानं कडेला ओढलं आणि पुन्हा थापायला लागली. शालनबाईला तो थांबलेला हात दिसला आणि सकाळी दवाखान्यात आपण काय बोललो ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई आणि लेक, दोघांच्या तोंडून एकच वाक्य निघालं होतं.

"उद्या सुट्टी टाक," ती म्हणाली. "दवाखान्यात जायाचं."

"मी न्हाई येणार. तितं लॅबला पिंटू हाय, माझ्या वर्गातला. सगळ्या गावाला कळलं की तोंड कुठं दाखवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

आणि तो गाडी काढून गेला. जेवायला आलाच नाही.

शालनबाईला झोप कसली येते. तिच्या डोळ्यांपुढं नवरा होता. आबाजी जाऊन वर्षं झाली. गडी कांद्याच्या ट्रकवर होता, आठ-आठ दिवस घराबाहेर. शेखरच्या आधी तिचीही दोन गेली होती. तिलाही तिच्या सासूनं त्याच नदीच्या पाण्यात उभं केलं होतं. पाणी किती गार होतं ते तिच्या गुडघ्यांना अजून आठवत होतं. 'म्हंजी हे तुजंबी काम व्हय रं?' असं म्हणत तिनं भिंतीवरच्या फोटोला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की फोटो खाली पडायचा तेवढा राहिला.

सकाळी शेखर अंघोळ करून बाहेर आला तर आई दारात चपला घालून उभी. "बांधावर चल. पाणी फुटलंय."

पाणी कुठंच फुटलं नव्हतं. ती त्याला सरळ हिवराखाली घेऊन गेली. तिथं चार ठिकाणी दगड ठेवलेले होते. दोन मातीत बुडालेले, दोन अजून वर. ट्रॅक्टरवाल्याला ती दरवर्षी इथून लांबनं नांगर वळवायला लावायची. का ते शेखरनं कधी विचारलं नव्हतं.

"ही दोन माझी," ती म्हणाली. "आन् ही दोन तुझी. एक तर तुझ्यावानीच हुतं, कपाळ रुंद. तू तवा शिफ्टला हुतास, तू न्हाई बघितलं. मी बघितलं." "आता पाचवा दगड आणायचा आसंल तर सांग. तूच आण. माझ्या हातात आता जोर न्हाई."

शेखर दगडांपुढं खाली बसला आणि तोंड गुडघ्यात घालून रडायला लागला. चांगला बाप्या गडी, पण पोरासारखा हुंदके देत होता. लग्नाच्या आधी मित्रांनी गोव्याला नेलं होतं. तिथं सगळे एका बाईकडं गेले, म्हणून तोही गेला. नंतर एक फोड आला, दुखला नाही, बरा झाला. कूलंटचे हात लागले असतील असं त्या मित्रांतला सनी म्हणाला, आणि तेच खरं मानायला सोपं होतं. ते सांगताना त्यानं एकदाही वर बघितलं नाही.

"मला काय ठाव आई, की त्यानं... की लेकरं..."

"न्हवतं ठाव. मलाबी न्हवतं. मी तर तिला नदीत हुबी केली. पण आता ठाव झालंय की न्हाई?"

"व्हय."

"मग चल."

"पिंटू..."

"पिंटूचं मी बघते. म्होरं मी हुते, तू माझ्या मागं ये."

दवाखान्यात गर्दी होती. लॅबच्या खिडकीसमोर पाच-सहा बाया-बाप्ये ओळीनं बसलेले. शेखर दाराच्या आड उभा राहिला, हेल्मेटसुद्धा काढलं नाही. शालनबाई सरळ खिडकीशी गेली, चोळीची बाही वर सारली आणि हात आत घातला.

"पिंटू, माझं रक्त घे. त्या गरमीचं."

पिंटूच्या हातातली कापसाची गोळी खाली पडली. "मावशी, तुमचं? तुमाला कशाला?"

"का? म्हातारीला रक्त नसतंय? ह्याचा बाप ट्रकवर हुता. माझी दोन लेकरं गेल्याती. मला बघायचंय." ती मागं वळली. ओळीतल्या बाया माना वळवून ऐकत होत्या. "बघताय काय गं? रोग हाय तर सुई हाय. चोरी न्हाई केली कुणी."

एक म्हातारा खोकला. शेखरनं हेल्मेट काढलं. तो पुढं आला, आईच्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि त्यानंही बाही वर केली. पिंटूनं त्याच्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "शेखऱ्या, हितलं भाईर जात न्हाई, भावा. मूठ आवळ."

फरीदा सिस्टरनं थोड्या वेळानं दोघांना आत बोलावलं. शेखरच्या रक्तात रोग होता. शालनबाईच्या रक्तात नव्हता.

"तुमचं एकदम साफ आहे, मावशी," फरीदा म्हणाली.

शालनबाईच्या डोळ्यांपुढं आबाजी आला. "म्हंजी त्यो न्हवता तसला?"

"ह्या रोगाचं तरी काही नाही."

"मग माझी दोन कशानं गेली?"

फरीदा तिच्या शेजारी बसली. "आता नाही सांगता यायचं, मावशी. त्या वेळी कुणी तपासलंच नाही ना."

शालनबाई पदराचं टोक चुरगळत बसली. रात्रभर मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या होत्या, त्या आता परत कशा घ्यायच्या? 'चुकलं रं माझं,' ती मनात म्हणाली. आणि मग त्या दोघांसाठी, ज्यांना तिच्याशिवाय आता जगात कुणीच ओळखत नव्हतं, तिनं तिथंच बसून रडून घेतलं. फरीदानं तिला रडू दिलं.

आतून शेखरची "आई गं" ऐकू आली. सुई मोठी असते ती.

परत येईस्तोवर ऊन वर आलं होतं. लागणीचा शेवटचा वाफा तेवढा राहिला होता, बाया आज मोनिकाच्या रानात होत्या. शेखर लंगडत बांधावर आला. लांबून मोनिका ओरडली, "काय वो भाऊजी, गाडीवरनं पडला काय?"

"पडलो व्हतो," शेखर म्हणाला. "आता उठलो."

तनुजा बांधावर उरलेल्या जुड्या निवडत बसली होती. तो तिच्यापासून थोडा लांब उभा राहिला. "सुई घेतली मी," तो म्हणाला. "काल तुला बोललो ते..." तनुजानं त्याच्याकडं बघितलं नाही. "पुढच्या मंगळवारीबी घ्यायचीय," ती म्हणाली. "मी काय इतक्यात इसरणार न्हाई."

"नगं इसरू," तो म्हणाला, आणि लंगडतच मोटर चालू करायला गेला.

पाणी वाफ्यात आलं. शालनबाईनं एक जुडी सोडली आणि सुनेच्या पुढं धरली.

"लाव. तुझ्या हातानं सुरू कर."

तनुजा जागची हलली नाही. "मोनिकाला हाक मारू का? मी कुठं लेकुरवाळी हाय, आत्या."

"न्हाईस?" शालनबाईनं वरच्या बांधाकडं हात केला. "मग हिवराखाली हायती ती कुणाची गं? दोन लेकरांची आई हाईस तू. मीच मेली आंधळी, परवा तुला बाजूला सारलं. लाव म्हणते ना."

तनुजाचा चेहरा हळूहळू वेडावाकडा झाला. तीन वर्षांत ती सासूसमोर कधी रडली नव्हती. तिनं शर्टाच्या बाह्या वर सारल्या, पाण्यात उतरली, खाली बसली, अंगठ्यानं चिखलात भोक पाडलं आणि रोप त्यात उभं केलं. शालनबाई चपला काढून तिच्या शेजारच्या ओळीत बसली.